पेडगावचे सर्व्हर

आमच्या गावाबाहेर एक लॉन आहे. लग्नसराईत तिथला डीजे मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो. शेजाऱ्यांनी फोन केला की मालक म्हणतो, "साहेब, मी फक्त जागा भाड्याने देतो. आवाज पाहुण्यांचा आहे." हा माणूस मला आवडत नाही. तरी त्याच्याबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 'शेजाऱ्यांच्या तक्रारी येथे ऐकल्या जात नाहीत' अशी पाटी त्याने फाटकावर लावलेली नाही, आणि त्या पाटीपायी वरपक्षाकडून जादा भाडंही तो घेत नाही. वेब होस्टिंगच्या धंद्यात अशी पाटी लावणारे आहेत. जादा भाडं घेणारेही आहेत. पाटीवर ठळक अक्षरांत 'ऑफशोअर' आणि त्याखाली 'डीएमसीए इग्नोर्ड'. म्हणजे कॉपीराइटची तक्रार आली तर आम्ही तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, हा आमचा शब्द. दरमहा इतके डॉलर, बिटकॉइनही चालेल.

वेड पांघरून पेडगावला जाणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. खरं पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी आहे आणि तिथे जायला वेड पांघरावं लागत नाही. या होस्टिंगवाल्यांनी मात्र पेडगावात प्लॉट पाडून विकायला काढले आहेत.

मी सांगली जिल्ह्यातला एक लहान प्रकाशक. यादीत चाळीसेक पुस्तकं आहेत आणि त्यांतली बहुतेक अजून माझ्या माडीवरच आहेत. घर चालतं ते एका पुस्तकावर: स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी केलेलं मराठी व्याकरण. पानं ३१२, किंमत २८० रुपये. लेखक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना प्रतीमागे २८ रुपये रॉयल्टी. या व्याकरणाच्या जिवावर मी कवितासंग्रह काढतो, हे कवींना कळू देऊ नका.

दोन वर्षांपूर्वी एका ग्रंथप्रदर्शनात एका मुलाने ते पुस्तक चाळलं, परत जागेवर ठेवलं आणि म्हणाला, "सर, हे आहे माझ्याकडे." मोबाईल काढून दाखवलं. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत स्कॅन केलेलं, ८७ व्या पानावर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली. मुलाचा चेहरा इतका निरागस होता की मला रागावता आलं नाही. त्याला वाटत होतं, आपलं पुस्तक इतकं पोचलंय हे बघून मला बरं वाटेल.

माझ्या पुतण्याला यातलं कळतं. त्याने साइट शोधली. शेकडो मराठी पुस्तकं, प्रत्येक डाउनलोडच्या बटणाभोवती सट्ट्याच्या ॲपच्या चार जाहिराती, आणि जाहिराती नको असतील तर महिना ९९ रुपयांची 'प्रीमियम' वर्गणी. माझ्या लेखकाला प्रतीमागे २८ आणि याला दरमहा ९९. मी विचारलं, ही साइट आहे कुठे? तो हसला. "काका, 'कुठे' एकच नसतं. डोमेन एका देशातून घेतलंय. पुढे एक अमेरिकी कंपनी पडद्यासारखी उभी आहे, तिच्यामुळे खरा पत्ता दिसत नाही. मागचा सर्व्हर युरोपात. तो ज्या कंपनीचा, तिची नोंदणी एका बेटावर. आणि साइट चालवणारा कदाचित आपल्या मागच्या गल्लीत राहत असेल."

पडद्याच्या कंपनीला लिहिलं. तिने मागच्या होस्टिंग कंपनीचं नाव कळवलं, माझी तक्रार पुढे पाठवली आणि हात धुतले. मग खरा पत्रव्यवहार सुरू झाला. पहिलं पत्र गेलं, त्याच मिनिटाला उत्तर आलं: तक्रार मिळाली, टिकेट क्रमांक अमुक. हे उत्तर माणसाने लिहिलेलं नव्हतं, पण पोच तर मिळाली असं वाटून मी त्या रात्री नीट झोपलो. नऊ दिवसांनी कळलं की तक्रार ईमेलच्या मजकुरात चालत नाही, पीडीएफ करून पाठवा. केली. मग पुस्तक तुमचंच आहे याचा पुरावा द्या. लेखकाशी झालेल्या कराराची प्रत आणि आयएसबीएनचा कागद दिला. मग करार कोणत्या भाषेत आहे ते समजत नाही. मराठीत आहे, पुस्तकही मराठीत आहे आणि तुमच्या यंत्रावर ते ज्या साइटवर आहे तीही मराठीत आहे, असं मी लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. महिनाभराने आलं ते असं: आमच्या नोंदणीच्या ठिकाणच्या न्यायालयाचा आदेश आणा. तोवर तुमची तक्रार आम्ही आमच्या ग्राहकाकडे पाठवली आहे.

पाठवली म्हणजे कशी, हे दोन दिवसांनी समजलं. अनोळखी परदेशी नंबरवरून व्हॉट्सॲप आलं: "काका, पत्ता मिळाला. दावा सांगलीत लावताय की मुंबईत? आधी सांगा, म्हणजे गाडीचं रिझर्व्हेशन करता येईल." माझं नाव, घरचा पत्ता, फोन, सही, सगळं जसंच्या तसं त्या माणसाच्या हातात दिलं गेलं होतं. त्याचं नाव मात्र मला कुणी दिलं नाही, ते गोपनीय. मजकुरात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. माझंच व्याकरण वाचून तयार झालेला असावा.

त्या रात्री मी एक प्रयोग केला. वेगळ्या ईमेलवरून त्याच कंपनीच्या विक्री विभागाला लिहिलं: पुस्तकांची साइट काढायची आहे, कॉपीराइटच्या तक्रारी येतील, चालेल का? घड्याळात ११ वाजून ४० मिनिटं झाली होती. ११ वाजून ४९ मिनिटांनी उत्तर आलं. माणसाने लिहिलेलं, खाली माणसाचं नाव, पहिल्या वाक्यात माझ्या नावाने नमस्कार. चालेल, म्हणाले. अमुक प्लॅन घ्या, त्यात अशा तक्रारींचा त्रास होणार नाही. शेवटी एक सूचनाही होती, बिल थकलं तर २४ तासांत साइट बंद होईल.

ज्यांना चार महिन्यांत मराठी करार वाचता आला नाही, त्यांना थकलेलं बिल एका दिवसात वाचता येतं.

या 'ऑफशोअर' शब्दाची गंमत अशी की त्यात समुद्र कुठेच नाही. एकदा खरोखर होता. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून काही मैलांवर दुसऱ्या महायुद्धातला एक सागरी बुरूज आहे, काँक्रीटच्या दोन खांबांवर लोखंडी पाट. १९६७ साली रॉय बेट्स नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने तो बळकावला आणि 'सीलँड' नावाचं स्वतंत्र राज्य जाहीर केलं. २००० साली तिथे 'हेवनको' नावाची कंपनी उभी राहिली: आमचे सर्व्हर कोणत्याच देशात नाहीत, त्यामुळे कुणाचाच कायदा आम्हाला लागू नाही. अमेरिकेतल्या मासिकांनी तिला डोक्यावर घेतलं. प्रत्यक्षात गिऱ्हाईक फार थोडं आलं, त्यातही बरेच जुगारवाले, आणि २००८ पर्यंत दुकान बंद. या तथाकथित कायदामुक्त बुरुजाचीही स्वतःची नियमावली होती, हे फार थोड्यांना आठवतं. मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री चालणार नाही, स्पॅम चालणार नाही, इथून कुणाच्या यंत्रणेवर हल्ला करता येणार नाही. कोणत्याच देशाचा कायदा न मानणाऱ्यांनाही काही तक्रारी ऐकू येत होत्या.

तोच नमुना आजही आहे. अशा कोणत्याही कंपनीच्या अटी वाचा. वर 'पूर्ण स्वातंत्र्य', खाली बारीक टाइपात बंदीची यादी: मुलांच्या शोषणाची सामग्री, फिशिंग, स्पॅम, हल्ले. पहिल्या बंदीमागे तुरुंगाची भीती आहे, ते समजतं. पण स्पॅमवर बंदी कशासाठी? स्पॅमहाउससारख्या संस्था ज्या आयपी पत्त्यांवरून कचरा येतो त्यांची काळी यादी ठेवतात. त्या यादीत एखाद्या कंपनीचा पत्त्यांचा सगळा गट गेला की तिच्या इतर गिऱ्हाइकांचे ईमेल जगात कुठेच पोचत नाहीत, गिऱ्हाईक पळतं, आणि विकत घेतलेले पत्ते कवडीमोल होतात. म्हणून स्पॅमची तक्रार तासाभरात ऐकू येते. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकाची काळी यादी कुणी ठेवत नाही. अब्यूज डेस्क नावाच्या त्या टेबलावर रोज निवड होते: हा तक्रारदार आपलं नुकसान करू शकतो का? शकत असेल तर कारवाई, नसेल तर टिकेट क्रमांक. बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्याला आधी नीट ऐकावं लागतं, नाहीतर सोंग कधी घ्यायचं ते कळणार कसं?

आता 'डीएमसीए इग्नोर्ड' या बढाईकडे. डीएमसीए हा अमेरिकेचा १९९८ चा कायदा. त्यातला होस्टिंगवाल्यांशी केलेला सौदा साधा आहे: गिऱ्हाइकाने काय ठेवलंय यासाठी तुला जबाबदार धरणार नाही, पण रीतसर कळवल्यावर ते तू काढायचंस. हा कायदा युरोपातल्या यंत्राला मुळात लागूच नाही. तो धुडकावण्याची बढाई म्हणजे मिरजेच्या दुकानदाराने कर्नाटकचा दुकान कायदा पाळत नाही म्हणून छाती फुगवण्यासारखं आहे. मिरजेत महाराष्ट्राचा कायदा आहेच की! तसाच युरोपातही आहे. युरोपीय संघाने २००० सालीच जवळपास तोच सौदा केला: माहीत नव्हतं तोवर सूट, माहीत झालं की हटवा. आणि बर्न करार १८८६ पासून आहे, भारत त्यात १९२८ पासून. सांगलीत लिहिलेल्या पुस्तकाला करारातल्या प्रत्येक देशात तिथल्या लेखकाइतकंच संरक्षण, कुठेही नोंदणी न करता. (डीएमसीएची मालकीण अमेरिका या करारात १९८९ साली आली, आपल्यानंतर ६१ वर्षांनी. उपदेश ऐकताना हे लक्षात असू द्यावं.) म्हणजे परदेशात गेलं की कायदा संपतो, असं काही नाही. लागतात ते पैसे, वकील आणि विमानाचं तिकीट. या धंद्याला कायद्याबाहेरची जागा लागतच नाही. जिथे कायदा आहे पण माझ्यासारख्याला परवडत नाही, अशी जागा पुरते.

सगळी मेख 'माहीत होतं' या दोन शब्दांत आहे. जर्मनीत ट्राबेन-ट्रारबाखला लष्कराचा जुना बंकर होता, जमिनीखाली पाच मजले. २०१३ साली एका डच माणसाने तो विकत घेतला आणि 'सायबरबंकर' चालवला. मुलांच्या शोषणाची सामग्री आणि दहशतवाद सोडून काहीही ठेवा, अशी त्याची ख्याती. सप्टेंबर २०१९ मध्ये सहाशेहून अधिक पोलिसांनी धाड घातली. आत अमली पदार्थांचे मोठे ऑनलाइन बाजार सापडले. ट्रियरच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आठही आरोपींना गुन्हेगारी संघटनेत सामील असल्याबद्दल दोषी ठरवलं, म्होरक्याला पाच वर्षं नऊ महिने. पण गिऱ्हाइकांनी केलेल्या सुमारे अडीच लाख गुन्ह्यांना साहाय्य केल्याचा आरोप टिकला नाही. का? प्रत्येक गुन्ह्याची त्यांना नेमकी माहिती होती, हे सिद्ध करता आलं नाही. पाच मजल्यांच्या बंकरमध्ये राहून माणसं अडीच लाख वेळा नामानिराळी राहिली.

यावरून या धंद्याचा माल काय आहे ते कळतं. जागा, वीज, यंत्रं सगळीकडेच मिळतात. इथे विकायला असतं ते अज्ञान. आणि तक्रारीचं पत्र हे अज्ञान नासवतं, दुधात मिठाचा खडा पडावा तसं. म्हणून ते उघडायचं नाही, किंवा उघडलंच तर 'भाषा समजत नाही' म्हणायचं, किंवा गिऱ्हाइकाकडे ढकलून 'आम्ही फक्त टपालवाले' म्हणायचं. युरोपातले आयपी पत्ते वाटणारी 'रायप' ही संस्था ॲमस्टरडॅमला आहे. पत्त्यांच्या प्रत्येक गटामागे तक्रारीसाठी ईमेल असलाच पाहिजे, असा तिचा नियम आहे. तो ईमेल चालू आहे का, हे ती दरवर्षी तपासते. पेटी आहे का इतकंच. ती कुणी उघडतं का, हे विचारायचं नाही.

परदेशी म्हणजे दूरचं, हाही गैरसमज. २००८ साली जगातल्या स्पॅमचं मोठं आगर कुठे होतं? कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये, 'मॅककोलो' नावाच्या होस्टिंग कंपनीत. सिलिकॉन व्हॅलीच्या मध्यभागी, सगळ्या कायद्यांच्या नाकासमोर. ती बंद झाली ती कुठल्या कोर्टामुळे नव्हे. वॉशिंग्टन पोस्टच्या ब्रायन क्रेब्ज या पत्रकाराने तिला जोडणी देणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांसमोर पुरावे ठेवले आणि ११ नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी तार ओढली. जगभरातला स्पॅम त्या दिवशी निम्म्याहून खाली आला असं अनेकांनी मोजलं. काही महिन्यांत पुन्हा चढला, ते वेगळं. पण वरची तार ओढणाऱ्याच्या मनात आलं तर एका दुपारी काय होतं ते दिसलं. प्रत्येक बहिऱ्या कंपनीच्या वर एक चांगलं ऐकू येणारी कंपनी असते. तिचं नाव मोठं असतं, तिचा अहवाल चकचकीत असतो, आणि बहिऱ्याचं बिल तिच्याकडेही वेळेवर जमा होत असतं.

मनात आलं तर किती वेळ लागतो, याचा न्यायालयीन आकडाही आहे. जानेवारी २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने इकाटेल या डच होस्टिंग कंपनीला (माझ्या प्रकरणातली कंपनी ही नव्हे) आदेश दिला: इंग्लिश प्रीमियर लीगने सामन्याच्या चोरट्या प्रक्षेपणाबद्दल कळवलं की ३० मिनिटांत ते तोडा. अर्धा तास! फुटबॉल ९० मिनिटांचा म्हणून अर्धा तास. माझं व्याकरण ३१२ पानांचं, त्याला दोन वर्षं पुरलेली नाहीत. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने मिळून रशियातल्या झेडसर्व्हर्स या कंपनीवर निर्बंध घातले, कारण लॉकबिट टोळीचे खंडणीचे सर्व्हर तिथे होते. तीन सरकारं एकत्र यायला काय लागतं? त्यांच्या रुग्णालयांचा आणि बँकांचा डेटा जावा लागतो.

इथे माझे काही मित्र मला थांबवतात. पत्रकार आहेत, चळवळीतले आहेत. म्हणतात, तू ज्या तक्रारीच्या हत्याराची आरती करतोस, त्याच हत्याराने आमचे लेख उडवले जातात. खोटं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत 'फॉरबिडन स्टोरीज' या पत्रकारांच्या गटाने 'स्टोरी किलर्स' ही मालिका काढली. बेंगळुरूत खून झालेल्या गौरी लंकेश यांचं काम पुढे न्यायचं म्हणून हाती घेतलेली. त्यात बार्सिलोनाची एलिमिनालिया ही कंपनी उघडी पडली. बदनाम श्रीमंतांविरुद्धच्या बातम्या नेटवरून पुसून द्यायच्या, आणि त्यासाठीचं एक साधन म्हणजे कॉपीराइटच्या खोट्या तक्रारी. तंत्र सोपं आहे: खरी बातमी उचलायची, एका बनावट साइटवर जुनी तारीख घालून चिकटवायची, आणि बोंब मारायची की मूळ आमचं, चोर तो पत्रकार. अशा तक्रारींचा साठा ठेवणाऱ्या 'लुमेन' या हार्वर्डच्या प्रकल्पात २०२२ साली अशा जुन्या तारखा घातलेल्या जवळपास ३४,००० नोटिसा मोजल्या गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही संगणकाकडून. अमेरिकेतला भित्रा होस्ट नोटीस आली की न वाचता लेख काढतो, आणि बेटावरचा निर्ढावलेला होस्ट न वाचता ठेवतो. न वाचणं दोघांचं सारखंच आहे.

म्हणून आसरा हवा, हे मला मान्य आहे. २०१० च्या डिसेंबरात ॲमेझॉनने विकिलीक्सला आपल्या सर्व्हरवरून काढलं तेव्हा तो आसरा युरोपात मिळाला. त्याच वर्षी आइसलँडच्या संसदेने पत्रकारितेला संरक्षण देणारे कायदे आणण्याचा ठराव केला. स्वीडनमध्ये 'क्युरियम'सारखी संस्था दडपल्या जाणाऱ्या पत्रकारांच्या साइट सांभाळते. पण बघा, ही माणसं नावानिशी उभी आहेत. तक्रार आली तर वाचतात, खोटी असेल तर खोटी का आहे ते जाहीर लिहितात, नाही म्हणतात आणि खाली सही करतात. 'पायरेट बे' या डाउनलोड साइटच्या स्वीडिश पोरांना मी साधू म्हणणार नाही. चोरीची पेठ वसवली त्यांनी. तरी हॉलिवूडच्या वकिलांना ते शिवराळ का होईना उत्तर द्यायचे, ते स्वतःच्या साइटवर छापायचे, आणि २००९ साली स्टॉकहोमच्या न्यायालयात उभे राहून वर्षभराची शिक्षा ऐकून घेतली. माझ्या प्रकरणातल्या होस्टिंग कंपनीच्या मुखपृष्ठावर मात्र दबलेल्या आवाजांचं एक भलं मोठं चित्र आहे, तोंडावर पट्टी बांधलेली मुलगी. म्हणून मी पुतण्याला म्हटलं, माझं पुस्तक ज्या आयपी पत्त्यावर आहे तिथले शेजारी बघ. त्याने यादी काढली. सट्ट्याच्या साइट, न आलेल्या सिनेमांच्या साइट, पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या, एक कर्ज देणारं बनावट ॲप. दबलेला आवाज एकही नाही. पट्टी बांधलेल्या त्या मुलीचं भाडं कोण भरतं कुणास ठाऊक, पण तिच्या आडून धंदा झकास चालतो. तिलाच पुढे केल्यामुळे उद्या कायदे कडक झाले, तर पहिला मार तिलाच बसणार.

आपल्या कायद्याचं काय, असं वकील मित्राला विचारलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, नियम २०१३ चे. त्यानुसार लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत मजकूर बंद करायचा आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर परत चालू करायला मोकळीक. नियम ठीक आहे, पण बेटावरच्या कंपनीला तो वाचून कोण दाखवणार? मोठे स्टुडिओ दिल्ली उच्च न्यायालयात जातात. २०१९ साली यूटीव्हीच्या दाव्यात त्या न्यायालयाने नवा मार्ग काढला: एकदा आदेश मिळाला की त्याच चोरट्या साइटची नवी पिलावळ नव्या दाव्याविना यादीत जोडता येते, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या ती भारतात बंद करतात. सर्व्हर जागच्या जागी राहतो, आपल्याकडून तिथे जायचा रस्ता तेवढा खणला जातो, आणि मोबाईलमधली एक सेटिंग बदलली की बाजूची पायवाट मोकळी. अशा दाव्यांत प्रतिवादीचं नाव माहीत नसतं तेव्हा आपली न्यायालयं 'अशोक कुमार' लिहितात. इंग्रजांचा जॉन डो तो आपला अशोक कुमार. देशातल्या समस्त खऱ्या अशोक कुमारांनी एकदा मोर्चा काढला पाहिजे. मी खर्च विचारला. मित्र म्हणाला, "अण्णा, तेवढ्यात तुमच्या व्याकरणाच्या तीन आवृत्त्या निघतील." चहा मागवला आणि विषय बदलला.

युरोपात आता नवा डिजिटल सेवा कायदा आला आहे, १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू. होस्टिंगवाल्याने तक्रारीची पोच द्यायची, निर्णय घ्यायचा, तो तक्रारदाराला कळवायचा. मी त्या कायद्याचा दाखला देऊन नवं पत्र लिहिलं. पोच आली, नवा टिकेट क्रमांक आला. जुन्यापेक्षा दोन आकडे मोठा. धंदा वाढतोय.

आणि आपल्याबद्दल बोलायचं राहिलंच. त्या साइटवर माझं पुस्तक चढवणारा हात मराठी आहे. उतरवणारे हजारो हात मराठी आहेत. 'फक्त वाचनप्रेमींसाठी' नावाचे पीडीएफचे गट चालवणारे निवृत्त अधिकारी मला समारंभात भेटतात, माझ्या प्रकाशनाचं कौतुक करतात, आणि घरी जाऊन ते कौतुक स्कॅन करतात. ग्रंथालयाचं अनुदान किती, वाचक संपत कसा चाललाय, यावर परिसंवादात तेच अध्यक्ष. बेटावरच्या त्या दुकानाला गिऱ्हाईक पुरवणारे आपणच आहोत. सदाशिव पेठेत जन्मलेला मराठीचा अभिमान सेशेल्सच्या टपालपेटीत जाऊन राहिला तरी आपल्याला काही वाटत नाही, कारण फुकट आहे.

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. जत तालुक्यातली, राज्यसेवेची तयारी करते. आवाजात अजीजी होती. "सर, तुमच्या व्याकरणाच्या पीडीएफमध्ये १४३ नंतर एकदम १४६ येतंय. समासाची दोन पानं नाहीत. परीक्षा जवळ आलीय." मी विचारलं, पीडीएफ कुठून घेतली? तिने भाबडेपणाने त्या साइटचं नाव सांगितलं आणि म्हणाली, तिथे कळवलंय, पण म्हटलं तुम्हालाही सांगावं. मी माडीवर गेलो, एक प्रत काढली, १४४ आणि १४५ या पानांचे फोटो घेतले आणि तिला पाठवले. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

आठ दिवसांनी सहज त्या साइटवर जाऊन पाहिलं. दोन्ही पानं जागच्या जागी होती. कडेला माझ्या माडीच्या खिडकीची सावली पडली होती.